खांबावरचा बूस्टर, पायाखालचा बूस्टर

‘बूस्टर’ हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तो आमच्या माळवदावर. साल १९८७. जालना जिल्हा होऊन जेमतेम सहा वर्षं झाली होती. १ मे १९८१ ला तो औरंगाबादपासून वेगळा निघाला. भोकरदन तालुक्यातल्या आमच्या गावात तेव्हा टीव्ही मोजकेच. रविवारी सकाळी ‘रामायण’ लागलं की अर्धी आळी आमच्या बैठकीत यायची. पण चित्र औरंगाबादच्या बाजूनं येता येता पार थकलेलं असायचं. पडद्यावर रामापेक्षा मुंग्याच जास्त. शेवटी वडिलांनी तालुक्याहून मेकॅनिक बोलावला. त्यानं अँटेनाच्या पाइपाला, अगदी वरच्या टोकाला, साबणाच्या वडीएवढा प्लास्टिकचा डबा बांधला. मी खालून विचारलं, “मामा, इतक्या उंच कशाला? टीव्हीपाशीच ठेवा की.” तो वरूनच म्हणाला, “खाली लावलं तं मुंग्याच मोठ्या होतेत बाबू. चित्र वरचं वरच धरावं लागतंय.”

त्या वाक्याचा अर्थ मला कळला तो गिटार हातात आल्यावर.

माझी गिटार जुन्या धाटणीची आहे: तीन पिकअप, तिन्ही एकेरी गुंडाळीचे. घरी ती गोड वाजते. पण एप्रिलमध्ये भीमजयंतीच्या कार्यक्रमात ढोलकी, ऑक्टोपॅड, कीबोर्ड आणि बेंजोच्या मध्ये उभं राहिलं की तिचा आवाज आत ओढल्यासारखा होतो. शेजारी दुहेरी पिकअपची गिटार आली की जास्तच. पिकअप बदल, असं सगळ्यांनी सांगितलं. (आमच्याकडे नुसतं ‘पिकअप’ म्हटलं तर वरातीत डीजे लादून नेणारी गाडीच डोळ्यांपुढे येते, इथं गिटारच्या तारांखालचं लोहचुंबक आणि तांब्याच्या तारेचं वेटोळं म्हणायचं आहे.) एकानं मात्र बूस्टर, म्हणजे गिटार आणि अँप्लिफायर (अँप) यांच्या मध्ये पायाशी ठेवायचा, आवाज वाढवणारा छोटा डबा, घे म्हणून सांगितलं. बाजारात बूस्टर पाहायला लागलो तर त्यांची संख्याच डोकं फिरवणारी. मग आधी त्यांचं कुळ शोधायचं ठरवलं, आणि त्या शोधानंच निवड करून दिली.

तारेचा आवाज मुळात बारीक. म्हणून आपल्याकडे प्रत्येक तारवाद्याला मोठं पोट दिलेलं आहे. तंबोऱ्याला भोपळा, गोंधळ्याच्या तुणतुण्याला चामड्याचं बूड. तार जिथे कंप पावते तिथंच तिला आधार मिळतो. इलेक्ट्रिक गिटारनं हे पोटच काढून टाकलं. अमेरिकेत १९३१ साली जॉर्ज बीचम यांनी पोलादी तारांपाशी चुंबक आणि वेटोळं बसवलं. चुंबकाच्या क्षेत्रात पोलादी तार हलली की वेटोळ्यात वीज उपजते. फॅरेडेनं १८३१ साली दाखवलेलं तत्त्व, बरोबर शंभर वर्षांनी वाद्यात उतरलेलं. रिकनबॅकर कंपनीनं १९३२ पासून विकलेल्या त्या गिटारला तिच्या आकारामुळे ‘फ्राइंग पॅन’ म्हणत, आणि ती मांडीवर आडवी ठेवून वाजवायची हवाईयन गिटार होती. आपल्याकडेही इलेक्ट्रिक गिटार कानांवर आधी त्याच रूपात पडली. मुंबईच्या चित्रपटसंगीतातले व्हॅन शिपले आणि हजारा सिंग यांनी गाण्यांच्या चाली गिटारवर वाजवलेल्या तबकड्या आमच्या वडिलांच्या पिढीनं ऐकल्या आहेत.

बेंजोचं कुळही असंच दूरचं. १९१२ साली जपानमधल्या नागोयात गोरो मोरिता यांनी टाइपरायटरसारख्या कळा तारांवर बसवून ‘ताइशोगोतो’ तयार केलं. आपल्याकडे येऊन ते बुलबुलतरंग झालं, आणि वरातीत, गणपतीत बेंजो. त्याच्याही पोलादी तारांखाली आज गिटारसारखाच पिकअप बसवतात, त्यामुळे ‘आवाज पुढं येत नाही’ हे दुखणं बेंजोवाल्यांनाही तंतोतंत ठाऊक असतं.

आता ‘कमी ताकदीचा पिकअप’ या शब्दांकडे पाहू. १९५४ साली फेंडर कंपनीनं स्ट्रॅटोकास्टर गिटार काढली तेव्हा तिच्या पिकअपला कुणी अशक्त म्हणत नव्हतं. केसाएवढ्या बारीक तांब्याच्या तारेचे साधारण आठ हजार वेढे, आत सहा चुंबकी कांड्या. त्या काळी पिकअप असाच असायचा. त्याला एकच खोड होती, आसपासच्या विजेची गुणगुण तो ओढून घ्यायचा. ती मारण्यासाठी गिब्सन कंपनीतल्या सेथ लव्हर यांनी १९५५ साली दोन उलटी वेटोळी शेजारी शेजारी बसवली. गुणगुण गेली आणि आवाजही दणकट झाला. पुढे १९७२ च्या सुमारास लॅरी डिमार्झिओ यांनी जास्त वेढे आणि जोरदार चुंबक वापरून मुद्दाम ताकदवान पिकअप विकायला काढला, तेव्हा कुठे जुना पिकअप ‘कमी ताकदीचा’ ठरला. पण वेढे वाढवण्याची किंमत मोजावी लागते. वेटोळं जड झालं की वरचे स्वर बोथट होतात. तारेचा तो काचेसारखा किणकिणाट, मिंडीचा बारीक तपशील दबून जातो. माझी गिटार अशक्त नाही, ती हलक्या आवाजात स्पष्ट बोलते. हे एकदा पटल्यावर पिकअप बदलायचा विचार मी कायमचा सोडला.

मग उरला बूस्टर. त्याचं एक घराणं लंडनचं. साठच्या दशकाच्या मध्यावर तिथल्या डॅलस कंपनीनं ‘रेंजमास्टर’ नावाचा डबा काढला. तो पायाखाली नसायचा, अँपवर ठेवायचा. आत एकच जर्मेनियम ट्रान्झिस्टर, ओसी-४४. दाराशी इतका लहान कपॅसिटर की जाड स्वर फारसे आत येतच नाहीत. वाढतात ते उंच स्वर. तेव्हाचे इंग्लिश अँप आवाजाला जरा घोगरे होते, त्यांना ही धार हवीच होती. गिटारवादक रोरी गॅलाघरनं आपली १९६१ ची स्ट्रॅटोकास्टर याच डब्यातून वाजवली. ब्रायन मे यांनी वडिलांबरोबर घरी बनवलेल्या गिटारमध्ये बर्न्स कंपनीचे एकेरी पिकअप होते. त्यांचा तो प्रसिद्ध, माणसाच्या गळ्यासारखा आवाज एकेरी पिकअप, ट्रेबल बूस्टर आणि व्हॉक्सचा अँप या तिघांच्या सोयरिकीतून आला. त्यांच्या ‘क्वीन’ बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी सातारा जिल्ह्यात, पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकला आणि तिथल्या मुलांच्या बँडमध्ये पियानो वाजवायचा. म्हणून या घराण्याचा आवाज ऐकताना मला तो परका वाटत नाही.

दुसरं घराणं न्यूयॉर्कचं, आणि त्याच्या जन्माची गोष्ट माझ्या सर्वात जिव्हाळ्याची. आयबीएममधून बाहेर पडलेल्या माइक मॅथ्यूज यांनी १९६८ च्या ऑक्टोबरात ‘इलेक्ट्रो-हार्मोनिक्स’ सुरू केली. त्यांना स्वर लांबवणारं यंत्र हवं होतं. ते काम त्यांनी बेल प्रयोगशाळेतल्या बॉब मायर यांच्याकडे दिलं. मायर यांचा नमुना बघायला मॅथ्यूज गेले तेव्हा मूळ यंत्राच्या पुढे आणखी एक छोटा डबा जोडलेला दिसला. हा कशाला, असं विचारलं तर उत्तर मिळालं की गिटारचा आवाज यंत्राला पुरेना, म्हणून आधी थोडा वाढवून घेतला. मॅथ्यूज यांनी तो डबाच सरळ अँपला जोडला, आणि अँप गर्जायला लागला. एका ट्रान्झिस्टरचा तो टेकू ‘एलपीबी-१’ या नावानं बाजारात आला. म्हणजे या घराण्याचा मूळपुरुषच मुळी अपुऱ्या पडणाऱ्या पिकअपसाठी, वाटेत जन्मला. सुरुवातीच्या एलपीबी-१ ला स्वतःचा प्लग असायचा. तो थेट वाद्यात किंवा अँपमध्ये खोचायचा.

बाकीची भावकी थोडक्यात सांगतो. एकोप्लेक्स ईपी-३ हे टेपवर प्रतिध्वनी उमटवणारं यंत्र. प्रतिध्वनी बंद ठेवला तरी त्याच्यातून गेलेला आवाज भरदार होतो हे वादकांना कळलं आणि पुढे त्या यंत्राचा नुसता दरवाजाच ‘ईपी बूस्टर’ म्हणून वेगळा विकला गेला. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस ‘एमएक्सआर मायक्रो अँप’ आला. तो आवाजात आपला रंग मिसळत नाही, आहे तेच मोठं करतो.

जालन्यात बसून निवडताना लंडनच्या घराण्याची एक अडचण लगेच समोर आली: ऊन. आपल्या मराठीत ‘ट्रान्झिस्टर’ म्हणजे खिशातला रेडिओच. आजोबांच्या त्या रेडिओतही एसी-१२८ सारखे जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर असत. जर्मेनियम उकाड्याला फार हळवं असतं. तापमान सुमारे दहा अंशांनी वाढलं की त्यातली गळती जवळपास दुप्पट होते. लंडनच्या थंडीत जुळवलेला डबा आमच्या मे महिन्यात, पत्र्याच्या मंडपाखाली, बेचाळीस अंशांत तसाच वाजेल अशी आशा धरणं चूक. तो फरफरतो, आवाज अडकतो. लग्नसराई आणि जयंत्या आपल्याकडे नेमक्या उन्हाळ्यातच. म्हणून रेंजमास्टरचा गुण हवा असेल तर सिलिकॉनवर बनवलेला डबा घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरी गोष्ट आकड्यांची. बूस्टरवर मोठ्या अक्षरांत २० डेसिबल, २६ डेसिबल लिहिलेलं असतं. ६ डेसिबल म्हणजे व्होल्टेज दुप्पट, २० म्हणजे दहापट. माझ्या एकेरी पिकअपपासून शेजारच्या दणकट पिकअपपर्यंतचं अंतर ६ ते १० डेसिबलच्या आसपासच भरतं. नॉब पूर्ण फिरवून जो आवाज मिळतो तो वेगळाच, अँपला फाडायला लावणारा. काही गाण्यांत तोही हवा असतो. पण नुसती उणीव भरायची असेल तर पाव फेरा पुरतो. आणि विकत घेण्याआधी स्क्रूड्रायव्हर हातात घ्यावा. पिकअपच्या दोन बाजूंचे स्क्रू फिरवून तो तारांच्या थोडा जवळ आणला तरी आवाज फुकटात वाढतो. फार जवळ नको; चुंबक तारेला ओढायला लागलं की सूर डळमळतो.

तिसरी गोष्ट डब्याच्या दाराची. पिकअपची वीज इतकी नाजूक की पुढच्या यंत्रानं तिच्याकडून फार ओढलं तर वरचे स्वर आधी मरतात. जुन्या एलपीबी-१ च्या दाराचा (इनपुटचा) रोध कमी होता, त्यामुळे आवाज वाढायचा पण किंचित गढूळ व्हायचा. एकेरी पिकअपला साधारण १ मेगाओम रोधाचा डबा मानवतो. विकत घेताना मी दुकानदाराला हा आकडा आधी विचारतो, रंग नंतर.

राहिल्या मुंग्या. मंडपात गिटारपासून अँपपर्यंत आठ-दहा मीटर केबल, शेजारून जनरेटरची वायर, वर झगमगत्या दिव्यांच्या माळा. एकेरी पिकअप पन्नास हर्ट्झची गुणगुण ओढणारच, आणि पिकअपमधूनच आत आलेली गुणगुण कुठलाही बूस्टर वेगळी काढू शकत नाही. ती स्वराबरोबर वाढते. त्यासाठी दिव्यांच्या माळेपासून दोन पावलं लांब उभं राहणं, किंवा गिटार जरा तिरकी धरणं हाच उपाय. पण केबलच्या लांबीत गळणारे उंच स्वर आणि वाटेत मिसळणारी खरखर यांच्यासाठी बूस्टरची जागा पहिली हवी, गिटारच्या जितकी जवळ तितकी चांगली. आधी लांब केबल, मग अँपशेजारी बूस्टर, अशी जोडणी मी वर्षभर केली होती. पोहोचेपर्यंत अर्धा स्वर सांडलेला, उरलेला खरखरीसह मोठा झालेला.

आता माझा डबा घरीच बनवलेला आहे. एक सिलिकॉनचा ट्रान्झिस्टर, नऊ व्होल्टची बॅटरी, पत्र्याची छोटी पेटी. सगळा माल जालन्यातल्या टीव्ही दुरुस्तीच्या सुट्या भागांच्या दुकानात मिळाला. पायाखाली ठेवतच नाही. गिटारच्या पट्ट्याला, खांद्याच्या खाली बांधला आहे. गिटारपासून तिथपर्यंत वीतभर केबल, आणि लांब केबल तिथून पुढे. यंदाच्या चौदा एप्रिलला नॉब घड्याळातल्या नऊच्या जागी ठेवला होता. दुसऱ्या कडव्यात बेंजोवाल्या दादानं मान वळवून माझ्याकडे पाहिलं, कार्यक्रम संपल्यावर डबा उघडून आतली जोडणी कागदावर उतरवून घेतली, आणि पुढच्या आठवड्यात तसाच एक आपल्या बेंजोच्या फळीला, आतल्या बाजूनं, पिकअपच्या अगदी शेजारी बसवला.