येनावरची माशी, नारळावरची माशी

ऑगस्ट 1925. नागपूरहून निघालेली छोट्या रुळांची गाडी तुम्हाला नागभीडला उतरवते. श्रावणाची झड लागली आहे. गावाबाहेर येनाच्या (पुस्तकातला ऐन) झाडांवर बोटाएवढ्या जाड हिरव्या अळ्या पानं फस्त करताहेत. त्यांचा पुढे टसरचा पतंग होईल. त्याला खाता येत नाही, त्यामुळे जन्माचं खाणं अळीच उरकून घेते.

खाली ढिवर म्हातारा राखणीला बसलाय. “पानाले हात नोको लावू, बाप्पा,” तो दटावतो. पाखरं, मुंग्या यांना तो हाकलतो, पण एका राखाडी माशीपुढे हात टेकतो. ती अळीवर अंडी घालते. त्यातून निघालेला किडा अळीला आतून खातो आणि पुढे कोसा फोडून बाहेर पडतो. फुटक्या कोशातून सलग धागा निघत नाही.

महिना तोच ठेवा, जागा बदला. फिजीचं सुवा बंदर. मलायाहून आलेल्या बोटीतून पिंजरे उतरताहेत. आत त्याच कुळातल्या माश्या आहेत, आणि इथे त्यांची वाट पाहिली जातेय! व्हिटी लेवू बेटावर लेवुआना नावाचा निळसर झळाळीचा छोटा पतंग आहे. त्याच्या अळ्या माडांची पानं खरवडून खातात. झावळ्या करपतात, नारळ धरत नाहीत. खोबऱ्यावर जगणाऱ्यांनी काय करायचं? त्यांचा राग मला तरी खोटा वाटत नाही. सरकारने टॉथिल, टेलर आणि पेन या कीटकतज्ज्ञांना कामाला लावलंय.

माश्या वाढवून माडांत सोडतात. वर्षभर थांबा: माडांना नवी हिरवी पानं फुटलेली दिसतील, अळ्या शोधाव्या लागतील. 1930 साली तिघांचं जाडजूड पुस्तक निघतं, त्यात विजयाचा सूर आहे, आणि तो स्वाभाविकच.

आता काही दशकं पुढे या. फिजीबाहेर कुठेच न सापडलेला लेवुआना आज नामशेष जातींच्या यादीत आहे. माशीला मात्र दुसऱ्या पतंगांच्या अळ्याही चालतात. त्यामुळे लेवुआना विरळ झाला तरी ती उपाशी मेली नाही, आणि उरलेल्या अळ्यांनाही तिने सोडलं नाही. आपला ढिवर म्हातारा हे ऐकून चकित झाला नसता. माशीची खोड त्याला ठाऊक होती, फक्त तिला पगारावर ठेवणारे लोक त्याने पाहिले नव्हते.