अठ्ठ्याण्णव सामन्यांचा धनी : जॉन कोलमन

मेलबर्नचे क्रिकेट मैदान आपल्याला अगदीच परके नाही. १९४८ च्या आरंभी सांगलीचे विजय हजारे आणि कोल्हापूरचे दत्तू फडकर तेथे ब्रॅडमनच्या संघाशी झुंजले, हे येथल्या शौकिनांना मी सांगायला नको. परंतु हिवाळा लागला की त्या मैदानावरच्या यष्ट्या निघतात, दोन्ही टोकांना चार-चार उंच खांब उभे राहतात आणि मैदान ऑस्ट्रेलियन पद्धतीच्या फुटबॉलच्या ताब्यात जाते. या खेळाचे नियम मेलबर्नच्या मंडळींनी १८५९ मध्येच लिहून काढले. लंडनची फुटबॉल असोसिएशन त्यानंतर चार वर्षांनी जन्मली.

आता या खेळाची एक खुबी आधी ध्यानात घेतली पाहिजे, नाही तर पुढची हकीकत उमगणार नाही. मैदान लंबवर्तुळाकार, चेंडू अंडाकृती, गडी एका बाजूला अठरा. चेंडू हाताने धरायला मुभा आहे आणि ऑफसाइडचे बंधन नाही. मधल्या दोन खांबांमधून पायाने चेंडू धाडला की गोल, त्याचे गुण सहा. बाजूच्या फटीतून गेला तर एकच गुण. लांबून किक मारलेला चेंडू मध्ये कोणाचा स्पर्श न होता अधांतरी झेलला, तर झेलणाऱ्याला स्वस्थपणे किक मारण्याचा हक्क मिळतो. या एका नियमाने गोलासमोर ठाण मांडून बसणारा आघाडीचा गडी निर्माण केला. त्याने झेपावून, प्रसंगी दुसऱ्याच्या खांद्यावर गुडघा टेकून, चेंडू झेलायचा. आणि त्याच्यावर नेमलेल्या पहारेकऱ्याने काही करून तो झेलू द्यायचा नाही. ‘काही करून’ या दोन शब्दांत पुष्कळ काही येते.

जॉन कोलमन हा असा गडी. जन्म १९२८ चा, व्हिक्टोरिया प्रांतातल्या पोर्ट फेरी या बंदराच्या गावी. हेस्टिंग्जच्या गावसंघातून तो मेलबर्नच्या एसेंडन क्लबात आला आणि १९४९ च्या हंगामातील पहिल्याच सामन्यात हॉथॉर्नविरुद्ध त्याने बारा गोल केले. वय वीस वर्षे! पदार्पणाच्या सामन्यात बारांच्या पुढे आजवर कोणी गेलेला नाही. त्याच वर्षी अंतिम सामन्यात एसेंडनने कार्लटनचा ७३ गुणांनी फडशा पाडला, आणि तो सामना संपत आला असताना कोलमनने हंगामातला शंभरावा गोल केला. १९५० मध्ये १२० गोल आणि पुन्हा अजिंक्यपद. लोक आता एसेंडनचा सामना पाहायला जात नव्हते, कोलमन पाहायला जात होते, असे म्हटले तरी चालेल.

१९५१ मध्ये साखळीतला शेवटचा सामना कार्लटनशी होता. हॅरी कॅस्पर हा त्याचा पहारेकरी. कॅस्परने त्याला मारले आणि कोलमनने उलट प्रहार केला. दोघांवरही तक्रार गुदरली. हा प्रत्युत्तराचा प्रहार होता हे पंचाच्या साक्षीत आले. तरीही लीगच्या न्यायमंडळाने दोघांनाही सारखीच, चार आठवड्यांची बंदी फर्मावली. बाहेर माणसांची दाटी झाली होती. त्या गर्दीत कोलमनला रडू आवरले नाही. त्याच्यावाचून एसेंडनने अंतिम सामना गाठला आणि जिलाँगकडून ११ गुणांनी, म्हणजे दोन गोलांहूनही कमी अंतराने, गमावला. सामन्याला सरासरी पाच गोल करणारा माणूस बाहेर बसलेला असताना!

न्यायमंडळाने नियमाबाहेर काही केले, असे मी म्हणणार नाही. मारणे हा गुन्हा; प्रथम कोणी मारले याने तो पुसला जात नाही. परंतु दंड दिसायला सारखा असला तरी तो सारखा पडला काय? बचावाच्या गड्याच्या जागी दुसरा उभा करता येतो. कोलमनच्या जागी कोणाला उभे करणार? ज्याला मार खावा लागतो त्यालाच शिक्षेचा भारही अधिक, असा हा हिशेब झाला. आणि हे प्रथमच घडले असेही नाही. कॉलिंगवुडचा गॉर्डन कव्हेंट्री, ज्याने १९२० पासून १९३७ पर्यंत १२९९ गोल केले, त्याची मान १९३६ मध्ये गळवांनी भरली होती. रिचमंडच्या खेळाडूचे तडाखे त्या गळवांवर बसले. इतक्या वर्षांत कधी तक्रार न झालेल्या या शांत माणसाने हात उगारला, आणि त्याला आठ आठवडे बाहेर बसावे लागले. पंधरा वर्षांच्या अंतराने न्यायाची रीत तीच राहिली.

कोलमनने पुढे १९५२ मध्ये १०३ व १९५३ मध्ये ९७ गोल केले. १९५४ मध्ये एके शनिवारी फिट्झरॉयविरुद्ध चौदा गोल झाले. पुढच्याच आठवड्यात नॉर्थ मेलबर्नशी खेळताना तो पडला आणि त्याचा गुडघा निखळला. वय पंचवीस. परतण्याचे प्रयत्न झाले, पण तो गुडघा पुन्हा सामन्याच्या उपयोगी पडला नाही. एकंदर ९८ सामने, ५३७ गोल. पुढे पीटर हडसनची सरासरी मात्र याहून किंचित सरस ठरली.

हे लोक धंदेवाईक खेळाडू म्हणवत, पण तो धंदा कसला? १९३० मध्ये लीगने ‘कोल्टर नियम’ करून सामन्यामागे तीन पौंडांची कमाल मर्यादा घातली होती. कोलमनच्या काळीही खेळाडूच्या मानधनाला लीगचे कुंपण होतेच. श्रीमंत क्लबांनी गरीब क्लबांचे गडी फोडू नयेत, हा त्यातला हेतू रास्त होता. परंतु तिकिटाच्या खिडकीवर रांगा लावणाऱ्या माणसाला पोटासाठी हॉटेलच्या धंद्यात पडावे लागले, हेही खरे.

१९६१ ते १९६७ तो एसेंडनचा प्रशिक्षक होता. १९६२ मध्ये कार्लटनला आणि १९६५ मध्ये सेंट किल्डाला हरवून त्याच्या संघाने अजिंक्यपद मिळवले. १९७३ मध्ये, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, हृदयविकाराने त्याचे निधन झाले. १९८१ पासून हंगामात सर्वाधिक गोल करणाऱ्याला ‘कोलमन पदक’ देतात. मात्र त्यात केवळ साखळी सामन्यांतले गोल धरतात. १९४९ च्या अंतिम सामन्यातला तो शंभरावा गोल या मोजणीत आला नसता.