श्वासाच्या लयीची कुळकथा

फुफ्फुसे स्वतःच्या बळावर फुगत नाहीत. मध्यपटल आणि बरगड्यांमधले स्नायू छातीची पोकळी वाढवतात तेव्हाच हवा आत येते. या स्नायूंना आज्ञा कोठून मिळते, हा प्रश्न जुना आहे. मानेच्या अगदी वरच्या टोकाला मेरुरज्जू कापला की प्राण्याचा श्वास तत्काळ थांबतो, हे दुसऱ्या शतकात गेलेनला ठाऊक होते. मात्र आज्ञेचे नेमके ठिकाण ल गॅल्वा या फ्रेंच वैद्याने १८१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतून उघड झाले. त्याने सशाच्या मेंदूचे पुढून मागे एकामागून एक काप काढले. मोठा मेंदू गेला, लहान मेंदूही गेला, तरी श्वास चालूच राहिला, आणि लंबमज्जेच्या, म्हणजे मेंदू व मेरुरज्जू यांना जोडणाऱ्या देठाच्या, ज्या भागातून प्राणेशा ही तंत्रिका निघते तो भाग काढताच तो थांबला.

तथापि केंद्र सापडले म्हणून नियमन उलगडले नव्हते. १८६८ मध्ये व्हिएन्नात हेरिंग आणि ब्रॉयर यांनी दाखवले की, फुगलेले फुफ्फुस प्राणेशेमार्फत वर्दी पाठवून आत घेतला जाणारा श्वास आवरते. ही तंत्रिका कापली, तर श्वास संथ आणि खोल होतो.

या कथेतील सर्वांत देखणा प्रयोग मात्र इंग्लंडमधील हाल्डेन आणि प्रीस्टली यांचा, १९०५ चा, मानावा लागेल. लांब नळीत जोराने उच्छ्वास सोडून त्याच्या अखेरच्या हवेचा नमुना घेतला, की वायुकोशांतील, म्हणजे फुफ्फुसांच्या सूक्ष्म पिशव्यांतील, हवा हाती येते, एवढ्या साध्या युक्तीवर तो उभा होता. बेन नेव्हिसच्या माथ्यावर आणि कॉर्नवॉलच्या खोल खाणीत हवेचा दाब वेगवेगळा असूनही वायुकोशांतील कार्बन डायऑक्साइडचा दाब जवळजवळ स्थिर राहिला, आणि तो वातावरणीय दाबाच्या केवळ ०.२ टक्क्याने वाढताच विश्रांतीच्या वेळचे वायुकोशांतील वायुवीजन दुप्पट झाले. एरवीचा श्वास प्राणवायूच्या उणिवेपेक्षा या वायूच्या साठण्यानेच हलतो, हे त्यातून सिद्ध झाले.

प्राणवायू घटल्याची वर्दी मानेतील रोहिणीजवळच्या एका इवल्या पिंडातून जाते, हे दाखवणाऱ्या कॉर्नेल हेमान्स यांना १९३८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. भारतीय शास्त्रज्ञ अवतार सिंग पेंटल यांनी १९५५ मध्ये केशवाहिन्यांलगतच्या ज्या संवेदकांचे वर्णन केले, ते फुफ्फुसांत रक्त तुंबले वा पाणी साचले की उत्तेजित होतात आणि श्वास जलद व उथळ करतात.