डेडलाइन : अर्थ आणि इतिहास

‘डेडलाइन’ म्हणजे काम पूर्ण करण्याची शेवटची मुदत. मुळात मात्र ही खरोखरची रेषा होती, आणि ती ओलांडणाऱ्याला गोळी घातली जाई. अमेरिकेतील यादवी युद्धात, १८६४ साली, दक्षिणेकडील राज्यांनी जॉर्जियातील अँडरसनव्हिल येथे युद्धकैद्यांची छावणी उभारली. तिच्या लाकडी तटापासून काही फूट आत एक बुटका कठडा होता. हीच ‘डेड लाइन’. तेव्हा हे दोन सुटे शब्द होते. छावणीत सुमारे १३,००० कैदी मेले. त्यातले बहुतेक गोळीने नव्हे, रोगराई आणि उपासमारीने. कैदखान्याचा प्रमुख हेन्री वर्झ याला १८६५ मध्ये फाशी झाली. त्याच्या खटल्यात ही रेषाही चर्चेत आली. मुदतीचा अर्थ पुढे १९२० च्या सुमारास अमेरिकी वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांत रुळला. ठरलेल्या वेळेनंतर आलेली बातमी त्या दिवशीच्या अंकात छापली जात नसे.