पान एक, पडदे अनेक

पोथी उतरून काढणाऱ्या लेखकापुढें आधीं कागद येई, मग मजकूर. पानाची लांबीरुंदी ठरलेली. समास आखावा, ओळी मोजाव्या आणि त्यांत अक्षर बसवावें, ही त्याची रीत. छापखाना आला, पोथीचीं आडवीं पानें ग्रंथांत उभीं झालीं. परंतु कागदाचें माप आधीं आणि मांडणी मागून, हा क्रम मोडला नाहीं. तो मोडला संगणकाच्या पानानें. हें नीट ध्यानांत यावयास मात्र सुमारें वीस वर्षें लागलीं.

जिनीव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेंत टिम बर्नर्स-ली या इंग्रज संशोधकानें १९८९ सालीं महाजालाची कल्पना मांडली, आणि १९९१ सालीं तें जगाला खुलें झालें. संशोधकांपाशीं निरनिराळ्या जातींचीं यंत्रें असत. म्हणून या पानाला ठराविक रुंदी दिलेलीच नव्हती. हें शीर्षक, हा परिच्छेद, एवढेंच मजकुरासोबत सांगितलें जाई. ओळ कोठें मोडावयाची तें वाचणाऱ्याचें यंत्र ठरवी. खांद्यावरच्या शालीप्रमाणें तें पान ज्याच्या अंगावर पडे त्याच्या मापाचें होई.

छापील पानाची संवय असलेल्या मांडणीकारांना हा सैलपणा मानवला नाहीं. कोष्टकांच्या अदृश्य चौकटी घालून त्यांनीं मजकूर स्तंभांत बसविला आणि रुंदी पक्की केली: आरंभीं ६४० बिंदूंच्या पडद्यासाठीं, मग ८००, पुढें १०२४. शालीचा अंगरखा शिवला गेला. डिसेंबर १९९६ मध्यें सीएसएस या पद्धतीस मान्यता मिळून मजकूर आणि त्याचा पेहराव वेगळे करण्याची सोय झाली, तरी अंगरख्याचा सोस सुटला नाहीं.

तोंवर पडदा खिशांत शिरला होता. २००७ सालीं आलेल्या आयफोनचा पडदा ३२० बिंदूंचा. पण तो सामान्य पान ९८० बिंदु रुंद समजून मांडी व आकसून दाखवी. अक्षरें मुंगीच्या पायांएवढीं होत. काना, मात्रा, उकार वरखालीं पसरणाऱ्या देवनागरीला हें आकसणें विशेषच जाचे. यावर अनेकांनीं मोबाईलकरितां दुसरें, आटोपशीर संकेतस्थळ काढलें. उपाय सोयीचा दिसे. परंतु दोन पंक्ति मांडल्या, कीं दुसऱ्या पंक्तीला उरलेंसुरलें वाढलें जातें. टेबलावरच्या संगणकावर पुरा लेख असे, तर हातांतल्या पडद्यावर पुष्कळदां त्याचा तुकडाच. घरीं संगणक असणाऱ्याची ही केवळ गैरसोय; मोबाईल एवढेंच साधन असणाऱ्याला ती बंदीच होती.

२५ मे २०१० रोजीं अमेरिकेंतील एथन मार्कॉट यानें ‘अ लिस्ट अपार्ट’ या नियतकालिकांत लेख लिहून तीन साधनें एकत्र जुळविलीं. स्तंभांचीं मापें बिंदूंत न देतां प्रमाणांत द्यावीं. चित्रानें आपल्या चौकटीबाहेर न जातां तिच्याबरोबर आकसावें. आणि पडद्याची रुंदी पाहून मांडणी बदलणारे नियम लिहावे. रुंद पडद्यावर शेजारीं शेजारीं असलेले तीन स्तंभ अरुंद पडद्यावर एकाखालीं एक यावे, अशा जातीचे हे नियम. मजकूर तोच, मांडणी पडद्यागणिक निराळी. सप्टेंबर २०११ मध्यें ‘बॉस्टन ग्लोब’ या दैनिकाचें संकेतस्थळ याच रीतीनें उभें राहिलें. जून २०१२ मध्यें रुंदी पाहणाऱ्या नियमांना मानक म्हणून मान्यता मिळाली. आणि एप्रिल २०१५ पासून मोबाईलवर शोध घेणाऱ्यांना गूगल मोबाईलवर नीट वाचतां येणारीं पानें अग्रक्रमानें दाखवूं लागलें.

भारतांत असंख्य घरांत महाजालाचा पहिला पडदा मोबाईलचाच होता. परीक्षेचा निकाल, सरकारी अर्ज, रोजचें वर्तमानपत्र, सारें तेथेंच वाचलें जातें. अशा वाचकासाठीं मांडणी खुशाल निराळी असावी. मजकुरांत मात्र त्याला एक ओळहि कमी मिळूं नये. जी शाल आरंभींच विणलेली होती, ती उसवून पुन्हां सर्वांच्या खांद्यावर घालण्याचें काम या रीतीनें केलें.