घाणापद्धतीकडून अखंड प्रवाहाकडे : अमिनोॲसायलेजचे उदाहरण

अचलीकृत एंझाइमाचा उद्योगातील पहिला उपयोग १९६९ मध्ये जपानात झाला. तानाबे सेइयाकू या औषधनिर्मात्या कंपनीत इचिरो चिबाता व त्यांचे सहकारी यांनी अमिनोॲसायलेज हे एंझाइम घन आधारावर बसवून स्तंभात भरले आणि त्यातून द्रावण अखंड वाहते ठेवले. या पद्धतीमागील मूलभूत निरीक्षण मात्र त्रेपन्न वर्षे जुने होते. कोळशावर अधिशोषित झालेले इन्व्हर्टेज साखरेचे विघटन करीतच राहते, हे नेल्सन व ग्रिफिन यांनी १९१६ मध्ये दाखविले होते. त्या निरीक्षणाला कारखान्यात स्थान मिळण्यास एवढा काळ का लागावा?

याचे एक उत्तर घाणापद्धतीच्या जमाखर्चात सापडते. संश्लेषणाने मिळणाऱ्या अमिनो अम्लात एल- व डी- ही रूपे समप्रमाणात असतात. आहार व औषधे यांसाठी बहुधा एल-रूपच हवे असते. ॲसिटिलयुक्त मिश्रणातील केवळ एल-रूपाचे जलीय विच्छेदन अमिनोॲसायलेज करते. उरलेले डी-रूप तापवून त्याचे पुन्हा मिश्रण बनविता येते. १९५४ पासून तानाबे येथे ही विक्रिया टाकीत, एकेक घाणा काढून, केली जात असे. प्रत्येक घाण्याअखेर अम्ल वा उष्णता यांच्या योगाने एंझाइम वेगळे काढावे लागे. ते कार्यक्षम असूनही वाया जाई, आणि शुद्धीकरणात उत्पादनही घटे. या नुकसानीनेच जुन्या निरीक्षणाला व्यावहारिक मोल आणले.

दुसरे उत्तर आधारद्रव्याच्या निवडीत आहे. ग्रुबहोफर व श्लाइट यांनी १९५३ मध्ये एंझाइमे रेझिनाला रासायनिक बंधाने जोडली होती. बंध जितका दृढ तितका इष्ट, असे वाटणे स्वाभाविक होते. चिबाता यांच्या गटाने अनेक पद्धतींची तुलना करून डीईएई-सेफाडेक्सवरील आयनी बंध पसंत केला. हा बंध तुलनेने शिथिल होता. परंतु त्यामुळेच स्तंभाची शक्ती क्षीण झाल्यावर ताजे एंझाइम सोडून त्याच आधाराचे पुनरुज्जीवन करता येई. उत्पादनखर्च सुमारे ४० टक्क्यांनी उतरला.

१९७३ मध्ये याच कंपनीने एंझाइम वेगळे न काढता ई. कोलाय जिवाणूंच्या पेशीच जेलमध्ये बद्ध करून ॲस्पार्टिक अम्लाचे अखंड उत्पादन आरंभिले. दर घाण्याला खर्ची पडणारे एंझाइम आता यंत्रसामग्रीप्रमाणे टिकवून वापरावयाची वस्तू ठरले होते. या स्थित्यंतराचे ऐतिहासिक महत्त्व त्यातच आहे.