रेशमी पट्टीवरची नोंद

समुद्रातील प्लास्टिक म्हटले की आपल्याला पिशवीत अडकलेले कासव आठवते. ही गोष्ट मात्र डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या प्राण्यांची आहे.

१९७१ साली अमेरिकेतील वुड्स होल संस्थेचे एडवर्ड कार्पेंटर आणि के. एल. स्मिथ सरगासो समुद्राच्या पृष्ठभागावर बारीक जाळे ओढत होते. जाळ्यात शैवालाबरोबर प्लास्टिकचे तुकडेही आले. दर चौरस किलोमीटरला सरासरी सुमारे ३५००. उत्पादन वाढेल तसे हे तुकडेही बहुधा वाढतील, असे त्यांनी १९७२ मध्ये लिहिले. त्याच वर्षी कार्पेंटर व सहकाऱ्यांना किनाऱ्यालगतच्या पाण्यात पॉलिस्टायरिनच्या बारीक गोळ्या आढळल्या. माशांच्या तपासलेल्या १४ जातींपैकी ८ जातींनी आणि बाणासारख्या दिसणाऱ्या एका प्लवक प्राण्याने त्या गिळल्या होत्या.

पुढची तीस वर्षे या इशाऱ्याकडे फारसे लक्ष गेले नाही. नमुने मात्र साठत होते. ॲलिस्टर हार्डी यांनी १९२०च्या दशकात तयार केलेले प्लवक टिपणारे यंत्र व्यापारी जहाजांमागे ओढले जाते. त्यातील रेशमी पट्टीवर प्लवक अडकतात. मोजणी संपल्यावरही या पट्ट्या जपून ठेवल्या गेल्या. २००४ मध्ये रिचर्ड थॉम्प्सन व सहकाऱ्यांनी स्कॉटलंड ते आइसलंड भागातील जुने नमुने पुन्हा तपासले. १९६०च्या दशकातील नमुन्यांतही प्लास्टिकचे धागे होते, आणि १९८० नंतर ते स्पष्टपणे वाढलेले दिसले.

परंतु पाण्यात प्लास्टिक आहे म्हणून प्राणी ते खातात, असे आपण लगेच म्हणू शकत नाही. २०१३ मध्ये मॅथ्यू कोल यांच्या गटाने प्रयोगशाळेत १५ प्रकारच्या प्राणिप्लवकांना चमकणारे प्लास्टिकचे कण दिले. १३ प्रकारांनी ते गिळले. कण फार झाले तेव्हा कोपेपॉड या चिमुकल्या प्राण्याचे शैवाल खाणे घटले. पण तेव्हा पाण्याच्या एका मिलिलिटरमध्ये हजारो कण होते; खुल्या समुद्रात इतके नसतात. २०१५ मध्ये ईशान्य पॅसिफिकमधील प्राणी आम्लात विरघळवून पाहिले गेले. सरासरी ३४ कोपेपॉडांमागे एक कण निघाला, आणि कोळंबीसारख्या दिसणाऱ्या क्रिलमध्ये १७ मागे एक.

आहे, खातात, अपाय होतो: या तीन वेगळ्या पायऱ्या आहेत, आणि प्रत्येकीला वेगळा पुरावा लागतो. वर्गात हा विषय शिकवताना आपण विद्यार्थ्यांना एवढेच विचारावे: त्या पट्ट्या कोणी टाकून दिल्या असत्या, तर यातले काय आपल्याला कळले नसते?